विषाची बी आणि डोळ्यांतील थेंब

रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर पुष्कळ घरांतून एक लहानसा विधि चालतो. आजोबा खुर्चीवर मान मागें टाकून बसतात, नातू फळीवरची करंगळीएवढी बाटली घेऊन येतो आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब टाकतो. थेंबापूर्वीं जेवढें दिसत होतें तेवढेंच थेंबानंतरही दिसतें. डोळा दुखत नव्हता, तेव्हां दुखणें थांबलें असेंही म्हणतां येत नाहीं. मग हा रोजचा उपद्व्याप कशासाठीं, असा प्रश्न आजोबांच्या मनांत येतो. आणि पुढें केव्हांतरी बाटली संपते व नवी आणावयाचें राहून जातें. या थेंबाची जन्मकथा आज मी आपणांस सांगणार आहें. ज्या औषधाचा गुण घेणारास जाणवत नाहीं त्यावर विश्वास कां ठेवावा, याचें उत्तर त्या कथेंतच सांपडतें.

प्रथम रोगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. डोळ्याच्या पुढल्या भागांत पाण्यासारखा एक स्वच्छ द्रव अहोरात्र पाझरत असतो. हा द्रव म्हणजे अश्रु नव्हेत. तो डोळ्याच्या आंतच तयार होतो आणि बुबुळाच्या कडेशीं असलेल्या सूक्ष्म जाळींतून बाहेर पडतो. येणारें पाणी व जाणारें पाणी यांचा मेळ बसला म्हणजे डोळ्यांतील दाब ठीक राहतो. पाऱ्याच्या मापानें तो सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर असतो. मोरी तुंबली कीं न्हाणीघरांत पाणी सांचतें, तसें या जाळीचें झालें म्हणजे दाब चढतो, आणि त्याचा जाच डोळ्याच्या पाठीमागून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टीच्या नसेला होतो. तिचे तंतु एकेक करून मरूं लागतात. बहुधा कडेकडेची दृष्टि आधीं जाते व समोरची सर्वांत शेवटीं. म्हणून माणसास वर्षानुवर्षें कांहीं कळत नाहीं. हाच काचबिंदु. मोतीबिंदूनें झांकलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें परत मिळते. काचबिंदूनें नेलेली मिळत नाहीं. नांवें सख्ख्या भावांचीं वाटलीं तरी स्वभाव असे भिन्न आहेत.

रोगाचें एक उग्र रूपही आहे. त्यांत दाब एकाएकीं भडकतो, डोळा लाल होतो, मस्तक फुटूं लागतें व कांहीं तासांत दृष्टि संकटांत येते. सुश्रुतसंहितेंत डोळा घुसळून काढल्यासारख्या वेदना करणारा 'अधिमंथ' नांवाचा रोग वर्णिला आहे. तो हाच असावा असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. परंतु डोळ्याच्या आंत काय घडतें हें पाहण्याचें साधन १८५१ पर्यंत कोणाजवळच नव्हतें. त्या वर्षीं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केलें आणि जिवंत माणसाच्या दृष्टीची नस प्रथमच वैद्यांच्या नजरेस पडली. पुढें १८५७ सालीं बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनीं बाहुलीभोंवतालच्या रंगीत पडद्याचा एक लहान तुकडा कापून काढल्यास उग्र काचबिंदु आटोक्यांत येतो असें दाखविलें. म्हणजे शस्त्र मिळालें. औषध मात्र अजून मिळावयाचें होतें.

तें औषध आलें आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, आणि आलें तें विष म्हणून. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यांत कॅलाबार नांवाचें बंदर आहे. तेथील एफिक लोकांत आरोपीचा न्याय एका वेलीच्या बियांनीं होत असे. चॉकलेटी रंगाच्या या बिया कुटून पाण्यांत कालवीत आणि तें पाणी आरोपीस पाजीत. ओकारी होऊन तो वांचला तर निर्दोष. मेला तर गुन्हेगार. आपल्याकडेही जुन्या काळीं विषाचें दिव्य होतें, हें धर्मशास्त्र वाचणारांस ठाऊक आहे. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांच्या हातून या बिया एडिंबरो येथें पोंचल्या. तेथील वैद्यकाचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनीं १८५५ सालीं त्यांतील एका बीचा लहानसा अंश स्वतःच खाऊन पाहिला. अंगांतली शक्ति जाऊं लागतांच त्यांनीं दाढीचें साबणाचें पाणी पिऊन ओकारी काढली आणि जीव वांचविला.

ख्रिस्टिसन यांच्याच विद्यापीठांतील टॉमस फ्रेझर या तरुणानें १८६२ सालीं या बीवर प्रबंध लिहिला. तिच्या अर्कानें डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. त्याचा मित्र डग्लस आर्जिल रॉबर्टसन हा नेत्रवैद्य होता. १८६३ सालीं त्यानें तो अर्क आपल्याच डोळ्यांत घातला, आणि थोड्याच वेळांत त्याची बाहुली टांचणीच्या डोक्याएवढी झाली. बाहुली मोठी करणारें बेलाडोनाचें औषध वैद्यांजवळ पूर्वींपासून होतें. ती लहान करणारें औषध त्यांस आतां मिळालें. पुढल्या एकदोन वर्षांत रसायनशास्त्रज्ञांनीं बींतील सत्त्व वेगळें काढलें. त्याला फायसोस्टिग्मीन किंवा, त्या दिव्याच्या एफिक नांवावरून, एसेरीन म्हणूं लागले. तरीही हें सत्त्व काचबिंदूवर चालेल हें बारा तेरा वर्षें कोणास सुचलें नव्हतें.

ज्याला तें सुचलें तो मनुष्य स्वतःच या रोगानें पछाडलेला होता. लुडविग लाकर हे स्ट्रासबुर्ग विद्यापीठांत नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक. त्यांच्या दृष्टीवर मधूनमधून धुकें येई, दिव्याभोंवतीं इंद्रधनुष्यासारखीं कडीं दिसत. या लक्षणांचा अर्थ त्यांच्याइतका कोणास कळणार? शिष्यांस जो रोग शिकवावयाचा तोच आपल्या घरीं आलेला त्यांनीं पाहिला. १८७६ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, एसेरीनच्या थेंबांनीं काचबिंदूच्या डोळ्याचा दाब उतरतो. याचें कारण आज आपणांस समजतें. बाहुली आवळली म्हणजे भोंवतालचा पडदा ताणला जातो, कोपऱ्यांतील जाळीवरून दूर सरतो आणि तुंबलेली वाट मोकळी होते. लाकर यांनीं हे थेंब स्वतःही वापरले. अखेर १८८० सालीं झुरिक येथें हॉर्नर या नेत्रवैद्यानें त्यांच्या डोळ्यांवर ग्रेफे यांची शस्त्रक्रिया केली व त्यांची दृष्टि टिकली. तोंपर्यंतच्या कठीण वर्षांत थेंब त्यांचे पाठीराखे होते.

एसेरीन डोळ्यास झोंबतें. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेहून त्याला एक सौम्य भावंड येऊन मिळालें. ब्राझीलमध्यें जाबोरांदी नांवाचें झुडूप आहे. त्याचीं पानें चघळलीं असतां लाळ व घाम यांचा पूर लोटतो. कूटिन्यो नांवाच्या ब्राझिली वैद्यानें हीं पानें पॅरिसला नेलीं, आणि १८७५ सालीं पॅरिसमध्यें हार्डी व लंडनमध्यें जेरार्ड यांनीं स्वतंत्रपणें त्यांतून पिलोकार्पीन काढलें. डार्मश्टाटचे आडोल्फ वेबर यांनीं लगोलग तें काचबिंदूवर वापरलें. पुढें सुमारें शंभर वर्षें पिलोकार्पीन हेंच या रोगावरील मुख्य औषध होतें. दिवसांतून चार वेळां थेंब, भुवईवर ठणका, दिवेलागणीला अंधारी, हें सारें सोसून आपल्या आज्यापणज्यांच्या पिढीनें तें वापरलें.

येथें कथेला एक वळण लागतें. लाकर यांस धुकें दिसत होतें, म्हणून थेंबाचा गुणही जाणवत होता. परंतु मंद गतीनें चालणाऱ्या काचबिंदूच्या रोग्यास कांहींच जाणवत नाहीं. त्याला गुण आला हें कोणी सांगावें? प्रारंभीं वैद्य मिटलेल्या पापणीवर बोटें ठेवून डोळा किती टणक आहे हें अजमावीत. १९०५ सालीं नॉर्वेच्या यालमार शिऑत्झ यांनीं डोळ्यावर अलगद टेकवून दाब मोजण्याचें एक सुटसुटीत उपकरण पुढें आणलें. त्याआधीं १८८४ सालीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनीं कोकेननें डोळा बधिर करतां येतो हें दाखविलें नसतें, तर असलें माप घेणें दुरापास्तच होतें. या उपकरणानें रोग्याच्या जाणिवेची जागा आंकड्यानें घेतली. थेंब लागू पडतो कीं नाहीं हें आतां डोळ्यांचा धनी सांगत नाहीं, माप सांगतें. आणि त्या सांगण्यावर त्यानें भरंवसा ठेवावयाचा असतो.

नवीं औषधें आलीं तीं या मापाच्याच जोरावर. १९६७ सालीं प्रोप्रॅनोलॉल हें हृदयावरील औषध शिरेंतून दिलें असतां डोळ्याचाही दाब उतरतो असें आढळलें. त्या जातीचें टिमोलॉल १९७८ सालीं अमेरिकेंत थेंबांच्या रूपानें मान्य झालें. तें मोरी मोकळी करीत नाहीं, नळच बारीक करतें. बाहुली लहान होत नाहीं, म्हणून अंधारीही येत नाहीं. परंतु थेंब अश्रूंच्या वाटेनें नाकांत व तेथून रक्तांत जातो, म्हणून दम्याच्या किंवा मंद नाडीच्या रोग्यांस टिमोलॉल अपायकारक ठरतें. डोळ्याच्या वैद्यास आपला दमा सांगावयाचा तो यासाठीं.

दुसरें औषध हंगेरीच्या एका निर्वासिताच्या चिकाटीचें फळ आहे. लास्लो बिटो यांचा जन्म १९३४ सालीं बुडापेस्टला झाला. तरुणपणीं तेथील राजवटीनें त्यांस कोळशाच्या खाणींत सक्तीनें राबविलें. १९५६ च्या उठावानंतर ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत संशोधक झाले. प्रोस्टाग्लँडिन नांवाच्या द्रव्यांनीं डोळ्याचा दाह होतो व दाब वाढतो, असा तेव्हां सर्वांचा समज होता. थोड्या मात्रेंत तींच द्रव्यें दाब उतरवितात, हें बिटो यांनीं दाखविलें. त्यांतून स्वीडनमध्यें तयार झालेलें लॅटानोप्रोस्ट १९९६ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. तें मुख्य मोरीच्या शेजारची दुसरी वाट रुंद करतें आणि दिवसांतून एकच थेंब पुरतो. पापण्यांचे केस लांब होणें व बुबुळाचा रंग गडद होणें, हे त्याचे ओळखीचे परिणाम आहेत.

दाब उतरला म्हणजे दृष्टि वांचते, हें मात्र अद्याप निर्विवाद सिद्ध व्हावयाचें होतें. अमेरिकेंत १,६३६ माणसांची एक मोठी पाहणी झाली. दाब वाढलेला, पण नसेला इजा नाहीं, अशीं तीं माणसें होतीं. अर्ध्यांस थेंब दिले, अर्ध्यांवर नुसती नजर ठेवली. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा: पांच वर्षांत थेंब न घेणारांपैकीं शेंकडा ९.५ जणांस काचबिंदु जडला. घेणारांपैकीं शेंकडा ४.४ जणांस. धोका निम्म्याहून कमी झाला. त्याचबरोबर हेंही दिसलें कीं, दाब वाढलेल्या बहुतेकांस पांच वर्षांत थेंबांवांचूनही रोग झाला नाहीं. म्हणून थेंब कोणास द्यावयाचे हें नस, वय व कुळाचा इतिहास पाहून वैद्यानेंच ठरवावें. आणि दाब सामान्य असूनही कांहींना हा रोग होतो, हेंही विसरूं नये.

आपल्याकडची खरी अडचण याच्याही अलीकडची आहे. १९९५ ते १९९७ या काळांत तमिळनाडूच्या खेड्यांतून अरविंद नेत्रसंस्थेनें पाहणी केली. काचबिंदु आढळलेल्या दहांपैकीं नवांहून अधिक लोकांस आपणांस हा रोग आहे याची वार्ताच नव्हती. म्हणून चाळिशी उलटलेल्यांनीं, विशेषतः ज्यांच्या आईबापांस अथवा भावंडांस काचबिंदु आहे त्यांनीं, केवळ चष्म्याचा नंबर काढून परतूं नये. दाब मोजून व नस तपासून घ्यावी.

आणि ज्यांच्या फळीवर बाटली आधींच आहे त्यांनीं एवढें करावें. थेंब एकच पुरे. दुसरा गालावर ओघळतो. तो टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटानें एकदोन मिनिटें दाबून धरावा, म्हणजे औषध रक्तांत कमी जातें. दोन निराळीं औषधें असतील तर मध्यें पांच मिनिटें जाऊं द्यावींत. बाटलीचें टोंक डोळ्यास लावूं नये. त्रास झाला तर वैद्यास सांगावें, पण आपल्या मनानें औषध सोडूं नये.

कॅलाबारच्या आरोपीपुढें एकदांच प्याला येई आणि घटकाभरांत निकाल लागे. आपल्या आजोबांपुढें तो थेंब रोज येतो आणि निकाल कधींच जाहीर होत नाहीं. दहा वर्षांनीं ते दिवाणखान्याचें दार चांचपडल्यावांचून ओलांडतात, शेजारून धांवत येणारा नातू त्यांस दिसतो, एवढाच काय तो पुरावा. तेव्हां आज रात्रीं बाटलींत किती थेंब उरले आहेत तें पाहावें, आणि ती संपण्यापूर्वीं दुसरी आणून ठेवावी.