कापलेल्या छपराची कुळकथा

गाडीचं छप्पर खांबांपासून कापायचं, खांबांतला तीन-चार इंचांचा तुकडा काढून टाकायचा आणि छप्पर पुन्हा जोडायचं. अमेरिकेतले हौशी गाडीवाले याला नुसतं ‘चॉप’ म्हणतात. चॉप केलेल्या गाडीच्या काचा चिंचोळ्या होतात आणि सिग्नल बघायला ड्रायव्हरला मान वाकवावी लागते. तरीही हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी घरच्या घरी बदललेल्या जुन्या गाड्यांच्या, दुनियेत ‘ट्रॅडिशनल’ म्हणून मिरवणाऱ्या गाडीची पहिली खूण हीच. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात असा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते बजावून सांगितलं आहे. त्यामुळे आपल्या वाचकाला साहजिकच प्रश्न पडेल, की धडधाकट गाडीचं छप्पर कोणी कशाला कापावं?

याचं मूळ वाऱ्यात आहे. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, डोंगर ओलांडला की मोहावेचं वाळवंट लागतं. तिथे पावसाळी पाणी आटून गेलेल्या सरोवरांचे मैलोन्‌मैल सपाट, टणक तळ आहेत. मुरॉक हा त्यातला सर्वांत नावाजलेला. पुढे तो लष्कराच्या विमानदळाने घेतला. आजचा एडवर्ड्स हवाई तळ तो हाच. १९२० आणि ३०च्या दशकांत शहरातली पोरं आपल्या जुन्या फोर्ड घेऊन तिथे जायची. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर मॉडेल टी विकल्या होत्या, त्यामुळे जुनी गाडी किरकोळ पैशांत मिळायची. तळावर पोचलं की मडगार्ड, बंपर, दिवे, पायऱ्या, पुढची काच असं जे निघेल ते काढायचं, आखलेल्या अंतरात गाडी पिटाळायची, वेळ मोजायची आणि संध्याकाळी सगळं परत बसवून घरी यायचं, कारण सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचं असे. १९३७ मध्ये अशा क्लबांनी मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ काढली. ती आजही शर्यती भरवते.

ताशी शंभर मैलांच्या आसपास गाडीचा खरा वैरी वारा असतो. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनाने. वेग दुप्पट हवा असेल तर आठपट ताकद आणा, नाहीतर वाऱ्याला आडवी येणारी गाडीची छाती लहान करा. पोरांकडे पैसा नव्हता, करवत होती. गाडी बुटकी करायची सगळी कलमं इथूनच निघाली. छप्पर कापणं हे एक. चॅनलिंग हे दुसरं. त्यात बॉडीचा तळ कापून ती चॅसीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरवतात.

या टायमिंग असोसिएशनच्या शर्यतींत सुरुवातीची वर्षं बंद छपराच्या गाड्यांना जागाच नव्हती, सगळा मान उघड्या रोडस्टरचा. बंद गाड्यांचे, म्हणजे कूपेचे, मालक ‘रसेटा’ नावाच्या दुसऱ्या संघटनेच्या शर्यतींना जात. पिअर्सन बंधूंची १९३४ची फोर्ड कूपे त्यांच्यातलीच. पुढची काच किमान सात इंच उंच हवी, असा नियम होता. पण ती किती अंशांत उभी असावी, हे नियमात कुठेच नव्हतं. पिअर्सनांनी काच पूर्ण सात इंचांची ठेवली आणि मागे इतकी झोपवली की जमिनीपासून मोजलं तर ती कितीतरी बुटकी भरावी. ही गाडी ताशी दीडशे मैलांच्या पुढे गेली आणि १९५० मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. चॉपमागची बुद्धी एका जागी बघायची असेल तर ती इथे बघावी. त्या झोपलेल्या काचेत दिसण्यासाठी म्हणून केलेलं काही नाही, आणि तरीही ती गाडी आजही बघणाऱ्याला खिळवून ठेवते.

आता दुसरं घराणं. त्याचा वेगाशी फारसा संबंध नाही. सॅक्रामेंटो शहरात हॅरी वेस्टरगार्ड नावाचा कारागीर तीसच्या दशकापासून साध्या गाड्यांना श्रीमंत गाड्यांचं रूप देत असे. एकीची जाळी दुसरीला लावायची, दाराच्या मुठी काढून तिथला पत्रा सपाट करायचा, गाडी बुटकी करायची. सॅम आणि जॉर्ज हे बॅरिस बंधू याच शहराजवळ वाढले आणि युद्धानंतर लॉस एंजेलिसला त्यांनी गॅरेज थाटलं. सॅमच्या हातात पत्रा होता, जॉर्जच्या अंगात प्रसिद्धीची कला. सॅमने स्वतःच्या १९४९च्या मर्क्युरीचं छप्पर कापलं आणि छप्पर कापलेली मर्क्युरी ही पुढे या सगळ्या परंपरेची मूर्तीच होऊन बसली. मर्क्युरी ही जड, गोलगरगरीत गाडी. कोरड्या सरोवरावर तिला कोणी नेणार नव्हतं. म्हणजे छप्पर कापण्याचं कारण मागेच राहिलं आणि नुसती रेषा पुढे आली. माझ्या मते चॉपच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं वळण हेच.

हे काम किती अवघड आहे, ते मर्क्युरीवरच कळतं. १९३२च्या फोर्डचे छपराचे खांब बरेचसे उभे असतात. सगळ्यांतून सारखा तुकडा काढला की वरचा भाग खालच्यावर जवळपास बसतो. मर्क्युरीचे खांब तिरके आणि वळलेले. छप्पर खाली आणलं की पुढच्या खांबांची टोकं जुळत नाहीत. मग छप्पर आडवं-उभं कापून त्यात पट्ट्या घालून ते लांबवायचं, नाहीतर मागच्या काचेची अख्खी चौकट पुढे कलंडवायची. शिवाय पुढच्या आणि मागच्या खांबांतून सारखाच तुकडा काढला तर गाडी कुबड आल्यासारखी दिसते. म्हणून मागून जास्त कापायचं. काचेचं वेगळंच दुखणं. दोन पापुद्र्यांची, मध्ये फिल्म असलेली काच जपून कापता येते, टेम्पर्ड काच मात्र कापायला गेलं की तिचा चुरा होतो.

सगळे सांधे वेल्डिंगने जोडले की उष्णतेने पत्रा ओढला जातो, खळगे पडतात. ते भरायला तेव्हा शिसं वापरत. पत्रा आधी घासून लख्ख करायचा, त्यावर फ्लक्स लावून कथलाचा पातळ हात द्यायचा. आपल्याकडे पितळी पातेल्याला आतून कल्हई करतात, तेच हे काम, फक्त बाहेरून. मग शिसं-कथलाची कांडी बर्नरच्या मंद आचेवर धरायची. सत्तर टक्के शिसं आणि तीस टक्के कथील असलेली कांडी साधारण १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते आणि अडीचशेच्या पुढे पाण्यासारखी वाहते. मधल्या टप्प्यात ती लोण्यासारखी असते आणि कारागिराला जे करायचं ते तेवढ्यातच. तेलात किंवा मेणात बुडवलेल्या लाकडी पट्टीने ते लोणी उभ्या खांबावर चढवायचं, सारखं करायचं. आच जास्त झाली तर सगळं घरंगळून जमिनीवर. थंड झाल्यावर वळणदार दात्यांच्या कानशीने घासायचं. ग्राइंडर लावायचा नाही, कारण शिशाची बारीक धूळ छातीत जाते. हात बसलेला माणूस सांधा असा मिटवतो की बोट फिरवून कळत नाही. या शिशामुळेच अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’ म्हणू लागले. पन्नासच्या दशकात रेझिनची पुट्टी आली, काम सोपं झालं आणि बिघडलंही, कारण पुट्टीखाली कच्चा सांधा सहज लपतो.

बॉब हिरोहाटा या जपानी-अमेरिकन तरुणाने १९५२ मध्ये आपली जवळपास नवी, १९५१ची मर्क्युरी बॅरिस बंधूंकडे दिली. त्यांनी छप्पर पुढून चार आणि मागून सात इंच उतरवलं, दारांमधला खांबच काढून टाकला, ब्यूकची वळणदार क्रोमपट्टी बाजूला लावली आणि वर फिका समुद्रफेसी, खाली गडद असा दोन हिरव्यांचा रंग दिला. ती गाडी प्रदर्शनांत गाजली, मग फॅशन बदलली आणि १९५९ मध्ये एका शाळकरी मुलाने ती अवघ्या ५०० डॉलरला विकत घेतली. त्याने ती आयुष्यभर सांभाळली. २०२२ च्या लिलावात तिच्यासाठी १९ लाखांहून अधिक डॉलरची बोली लागली.

दरम्यान पन्नास-साठच्या दशकांत एकामागून एक लाटा येऊन गेल्या. केनेथ हॉवर्ड ऊर्फ व्हॉन डच याने ब्रशने ओढलेल्या बारीक रेघा आणि बॉनेटवरच्या ज्वाळा, जो बेलनचा पारदर्शक कँडी रंग, चकाकते कण मिसळलेला मेटलफ्लेक, एड रॉथच्या फायबरग्लासच्या अद्‌भुत गाड्या. १९६३ मध्ये टॉम वुल्फने ‘एस्क्वायर’मध्ये या लोकांवर लेख लिहिला आणि न्यूयॉर्कच्या वाचकांना हे कारागीर कलावंत आहेत हे प्रथम कळलं. मग डेट्रॉइटचे कारखानेच तगड्या इंजिनांच्या गाड्या विकू लागले. हप्त्यावर वेग मिळू लागल्यावर गॅरेजात घाम गाळणारे कमी झाले.

याच सुमारास कायद्याच्या पोटातून एक परंपरा जन्मली. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असू नये, असा नियम कॅलिफोर्नियाने १९५० च्या दशकाच्या शेवटी केला. पोलिसांनी अडवल्यावर गाडी उचलता यावी म्हणून १९५९ मध्ये रॉन अगीरे याने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पुढे मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतल्या लोरायडर, म्हणजे जमिनीलगत उतरवलेल्या, गाड्यांचं तेच वैभव झालं. तो नियम २०२४ च्या पहिल्या दिवसापासून निघाला. पंप मात्र राहिले.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत जुन्या फोर्डच्या सांगाड्यात एसी, मऊ सीटा आणि अखंड ॲल्युमिनियमच्या लादीतून कोरलेले सुटे भाग आले. बॉयड कॉडिंग्टनच्या गॅरेजातल्या गुळगुळीत गाड्या हे त्याचं टोक. कारागिरीत त्या कुठेही कमी नव्हत्या. पण त्या बांधायला चेकबुक लागायचं आणि नव्वदच्या दशकातल्या तरुणांकडे ते नव्हतं. त्यांनी आजोबांच्या काळचे फोटो पाहिले, चाळीसच्या दशकातल्या चाकांवरच्या चकत्या आणि अरुंद टायर शोधले आणि गाडी प्रायमरवरच फिरवायला सुरुवात केली. आपल्या लोखंडी ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड. मूळ गाड्या प्रायमरमध्ये असायच्या, कारण काम अर्धवट आणि खिसा रिकामा असायचा. आता तो मॅट रंग मुद्दाम, पैसे मोजून दिला जाऊ लागला. काही गाड्यांवर तर गंजही रंगवून काढतात. मला हे आवडत नाही. गंज हा काळाने दिलेला शेरा आहे, तो ब्रशने स्वतःच्या नावावर लिहू नये. पण सांधे उघडे ठेवून ‘हे माझ्या हातचं वेल्डिंग’ म्हणणाऱ्या पोराला मी नाव ठेवणार नाही. आणि ओहायोतल्या ब्रुकव्हिलमध्ये १९३२च्या फोर्डची पोलादी बॉडी आज नव्याने दाबून बनते, तिच्यावर गाडी उभारणाराही माझ्या लेखी खराच. जुने पत्रे संपत आले आहेत आणि कापायला काहीतरी हवंच.

या पुनरुज्जीवनात सर्वांत जपला गेला तो फोर्डचा फ्लॅटहेड, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेला, व्ही-८. १९३२ मध्ये तो आला तेव्हा सामान्य माणसाला परवडणारं आठ सिलिंडरांचं ते पहिलं इंजिन होतं, ६५ अश्वशक्तीचं. त्यात एक जन्मजात खोड होती. जळालेला वायू थेट बाहेर न जाता इंजिनच्या ब्लॉकमधूनच वाट काढायचा आणि पाणी तापवायचा. १९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलची वरच्या व्हॉल्व्हांची इंजिनं आली, १९५५ मध्ये शेवरलेचा स्वस्त, हलका व्ही-८ आला आणि हॉट रॉडवाल्यांनी फ्लॅटहेड विनासंकोच उपटून फेकला. ज्यांना आज परंपरेचे मूळपुरुष मानतात ती माणसं जुन्याला चिकटणारी नव्हती. जे नवं, वेगवान आणि परवडणारं असेल ते रविवारपर्यंत बसवायचं, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून अमुक सालानंतरचा एक नटही चालणार नाही म्हणून गाडी नापास करणारा परीक्षक भेटला, की त्याने पिअर्सनांची काच पुन्हा एकदा नीट बघावी, असं मला मनापासून वाटतं.

फ्लॅटहेड मात्र मेला नाही. युटाच्या बॉनव्हिलवर, जिथे १९४९ पासून मिठाच्या पांढऱ्या पठारावर वेगाचा सप्ताह भरतो, तिथे फोर्ड आणि मर्क्युरीच्या फ्लॅटहेडसाठी वेगळा वर्ग राखलेला आहे. त्या वर्गात उतरणारे लोक ब्लॉक पोखरून मोठा करतात, एक्झॉस्टच्या वाटा बदलून वायू लवकर बाहेर काढतात, इंधन पंपाने दाबून भरतात आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ओतलेल्या लोखंडातून मूळच्या कितीतरी पट ताकद काढतात. जुना ब्लॉक तडकला की दुसरा शोधतात आणि पुढच्या ऑगस्टला परत येतात.