उतार मोजणारी साधने : कालची आणि आजची



उतार नुसत्या नजरेने कळत नाही. बांध समपातळीत नसला की पाणी सखल जागी साचते, बांध फोडते आणि कसदार माती ओढ्याला जाते.

ही अडचण फार जुनी. इजिप्तमधील सेन्नेजेम या कारागिराच्या थडग्यात १८८६ साली लाकडी चौकट आणि ओळंबा सापडला. हे साधन तीन हजार वर्षांपूर्वीचे! पुढे १६६१ च्या सुमारास फ्रान्सच्या तेव्हनो यांनी बुडबुड्याची पातळी काढली, तर १८३२ साली इंग्लंडच्या ग्रॅव्हॅट यांनी डंपी लेव्हल.

तरी ती जुनी चौकट आजही कामाची आहे. सारख्या लांबीचे दोन बांबू शेंड्याला बांधा, मध्ये आडवी काठी बांधा, शेंड्यावरून दोरीने दगड सोडा. वारा नसताना पाय दोन खुंट्यांवर ठेवा. दोरी काठीवर येईल तिथे खूण करा. पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्हींच्या मधोमध पातळीची खूण. दोरी तिच्यावर येईल असे एकेक पाऊल टाकत खुंट्या ठोकत जा. खुंट्यांची ओळ हीच समपातळी रेषा. बांध तिच्यावरच घाला.

मृगाआधी एवढे कराच.