युका सासो : एक करंडक, दोन ध्वज

अमेरिकेची महिला खुली गोल्फ स्पर्धा, अर्थात यूएस विमेन्स ओपन, युका सासोने दोनदा जिंकली. २०२१ मध्ये तिच्या नावापुढे फिलिपिन्सचा ध्वज होता, २०२४ मध्ये जपानचा. दुसरा विजय मिळवला तेव्हाही तिला तेविसावे वर्ष पूर्ण व्हायचे होते. या दोन विजयांमधील कहाणी गोल्फची जितकी आहे, तितकीच नागरिकत्वाच्या कायद्याचीही आहे.

सासोचा जन्म २० जून २००१ रोजी मनिलाच्या उत्तरेकडील बुलाकान प्रांतातील सान इल्देफोन्सो येथे झाला. आई फिलिपिनो, वडील जपानी. बालपणाचा काही काळ जपानमध्ये गेला. आठव्या वर्षाच्या सुमारास तिने गोल्फ खेळण्यास प्रारंभ केला आणि पुढील जडणघडण फिलिपिन्सच्या मैदानांवर, वडिलांच्या देखरेखीखाली झाली. उत्तर आयर्लंडच्या रोरी मॅकिलरॉयच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून तिने आपला स्विंग घडवला. दोघांच्या फटक्यांतील साम्य इतके आहे की त्यांच्या चित्रफिती शेजारी शेजारी ठेवून तुलना करणे हा गोल्फप्रेमींचा आवडता उद्योग ठरला.

फिलिपिन्सला गोल्फची परंपरा नवी नाही. फिलिपिन ओपन ही स्पर्धा १९१३ पासूनची, म्हणजे आशियातील सर्वांत जुन्या खुल्या स्पर्धांपैकी एक. लहान चणीच्या बेन आर्दाने १९६९ मध्ये इंडियन ओपन आणि १९७३ मध्ये जपान ओपन जिंकली होती. महिलांमध्ये जेनिफर रोसालेसने २००४ आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर विजेतेपदे मिळवली. पण पुरुष असो वा महिला, प्रमुख मानल्या जाणाऱ्या स्पर्धेचा, म्हणजे ‘मेजर’चा, करंडक एकाही फिलिपिनो खेळाडूच्या हाती आला नव्हता.

सासोकडे देशाचे लक्ष वेधले ते २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत. अखेरच्या दिवशी, अखेरच्या होलवर तिने ईगल नोंदवला, म्हणजे निर्धारित फटक्यांपेक्षा दोन कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये घातला. त्याच होलवर चीनच्या लिऊ वेनबोची आघाडी कोसळली आणि १७ वर्षांच्या सासोला वैयक्तिक सुवर्णपदक मिळाले. बियांका पाग्दांगानन आणि लोइस काये गो यांच्या साथीने सांघिक सुवर्णही आले. त्या स्पर्धेत फिलिपिन्सने एकूण चार सुवर्णपदके मिळवली. त्यांतील दोन गोल्फची होती. पुढील वर्षी ऑगस्टा नॅशनलवर प्रथमच झालेल्या महिलांच्या हौशी स्पर्धेत ती संयुक्त तिसरी आली. २०१९ च्या अखेरीस ती व्यावसायिक झाली आणि तिने जपानच्या टूरची निवड केली. ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात तिने तेथे दोन स्पर्धा जिंकल्या.

सॅन फ्रान्सिस्कोचे ऑलिंपिक क्लब हे मैदान दाट झाडीचे आणि उतरत्या जमिनीचे. त्याच्या लगत डेली सिटी हे शहर आहे, जेथे फिलिपिनो वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. जून २०२१ मध्ये महिला ओपन तेथे झाली तेव्हा परदेशात असूनही सासोला घरच्यासारखा प्रेक्षकवर्ग लाभला. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर ती आघाडीवर होती. तिसऱ्या फेरीअखेर अमेरिकेची लेक्सी थॉम्पसन एका फटक्याने पुढे गेली. अंतिम फेरीत सासोने दुसऱ्या आणि तिसऱ्या अशा लागोपाठ दोन होलवर डबल बोगी केल्या. चार फटके वाया गेले आणि विजेतेपद जवळजवळ हातचे निसटले. थॉम्पसनची आघाडी एका टप्प्यावर पाच फटक्यांची होती.

त्यानंतर जे घडले त्यात सासोच्या धीराचा वाटा मोठा, आणि थॉम्पसनच्या पडझडीचाही. थॉम्पसनला अखेरच्या नऊ होलसाठी ४१ फटके लागले आणि ती एका फटक्याने मागे पडली. सासोने सोळाव्या व सतराव्या होलवर बर्डी साधून जपानच्या नासा हाताओकाशी बरोबरी केली. दोन होलच्या प्लेऑफमध्येही दोघी समान राहिल्या. पुन्हा नवव्या होलवर जाऊन सासोने बर्डी केली आणि सामना संपला. त्या दिवशी तिचे वय १९ वर्षे ११ महिने १७ दिवस होते. २००८ मध्ये सर्वांत तरुण विजेती ठरलेल्या दक्षिण कोरियाच्या इनबी पार्कचेही विजयाच्या दिवशी नेमके तेवढेच वय होते.

दोन महिन्यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये सासो वडिलांच्या देशात आईच्या देशासाठी खेळली आणि संयुक्त नववी आली. भारताची अदिती अशोक चौथी आली ती हीच स्पर्धा.

प्रश्न खेळाबाहेरचा होता. जन्माने दोन नागरिकत्वे लाभलेल्या व्यक्तीने त्यांपैकी एक निवडावे, अशी जपानच्या कायद्याची अपेक्षा आहे. त्या वेळी ही मुदत वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत होती. फिलिपिन्सची भूमिका तुलनेने मोकळी आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या जन्मजात फिलिपिनोंना मूळ नागरिकत्व राखण्याची वाट २००३ च्या कायद्याने दिली आहे. भारतीय वाचकांना जपानचा कठोरपणा अपरिचित वाटणार नाही, कारण भारतीय राज्यघटनाही दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. सासोने २०२१ मध्येच जपानची निवड केली. ज्या देशाने पहिल्या मेजर विजयाचा आनंद काही महिन्यांपूर्वीच साजरा केला होता, त्याला हा निर्णय चटका लावणारा होता. मात्र आठवड्यागणिक देश बदलणाऱ्या खेळाडूसाठी जपानी पारपत्राची सोय फिलिपिनो पारपत्रापेक्षा कितीतरी अधिक आहे, हेही खरे.

पुढची तीन वर्षे एलपीजीए टूरवर विजयाविना गेली. २०२३ च्या महिला पीजीए अजिंक्यपद स्पर्धेत चीनच्या यिन रुओनिंगने तिला एका फटक्याने मागे टाकले. मग जून २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर कंट्री क्लबवर पुन्हा महिला ओपन आली. अंतिम फेरीच्या प्रारंभी ती तीन फटके मागे होती. सहाव्या होलवर तिला चार पट लागून डबल बोगी झाली. जणू ऑलिंपिक क्लबचीच पुनरावृत्ती. परंतु बारा ते सोळा या पाच होलमध्ये तिने चार बर्डी केल्या आणि जपानच्याच हिनाको शिबुनोला तीन फटक्यांनी मागे टाकून २४ लाख डॉलरचे पारितोषिक मिळवले. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली जपानी खेळाडू. दोनदा जिंकणाऱ्यांत सर्वांत तरुणही तीच.

विजयानंतर तिने हा करंडक वडिलांच्या देशासाठी आणि आधीचा आईच्या देशासाठी असल्याचे सांगितले. दोन महिन्यांनी ती पॅरिस ऑलिंपिकमध्ये जपानच्या संघातून उतरली. जकार्ताची तिची सहकारी पाग्दांगानन तेथे फिलिपिन्सकडून खेळत होती आणि एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले.