आधी सोडायचं कुणी?

आमच्या बँकेत लॉकरचं टेबल गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची, हे मी रोज दहा जणांना समजावून सांगतो. ‘एकट्या किल्लीने काही उघडत नसतं, काका,’ हे वाक्य म्हणताना माझा चेहरा कीर्तनकारासारखा होतो, असं आमचे हेड कॅशियर म्हणतात. त्यांना एक गोष्ट ठाऊक नाही. त्याच तळघरात एक लॉकर माझ्या आणि दादाच्या नावावर आहे, दोघांनी मिळून उघडायचा. गेल्या दोन वर्षांत तो उघडलेलाच नाही. भाडं तेवढं वेळच्या वेळी माझ्या खात्यातून कापलं जातं.

कारण काय, तर पुतणीच्या लग्नाची पत्रिका. तिच्यात माझं नाव दादाच्या मेहुण्याच्या खाली छापलं होतं. मेहुण्याच्या! मी अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आलो. दादाचं म्हणणं, ताट सोडून गेला त्याने आधी फोन करावा. माझं म्हणणं, पत्रिका छापली त्याने आधी करावा. ही बोलणी अर्थातच आमच्या सौ. आणि वहिनी यांच्यामार्फत झाली. त्या दोघी रोज तासभर फोनवर असतात.

एके दिवशी सौ. म्हणाली, ‘तुमचं अगदी डेडलॉक झालंय.’ आता, बी. कॉम. झालेल्या माणसाला शब्दसुद्धा टॅली केल्याशिवाय झोप येत नाही. मी कपाटावरचा जाडजूड इंग्रजी कोश खाली काढला, आणि मग त्यातच अडकलो.

‘डेडलॉक’ हा शब्द सर्वांत आधी सापडतो तो शेरिडनच्या ‘द क्रिटिक’ या १७७९ सालच्या नाटकात, आणि तोही चक्क विनोदाच्या जागी. या नाटकात एका भिकार नाटकाची तालीम चालली आहे. दोन पुतण्या एका स्पॅनिश कैद्यावर खंजीर रोखून उभ्या आहेत, कैदी त्यांच्यावर खंजीर रोखून आणि दोन काका कैद्यावर तलवारी रोखून. कुणीच वार करू शकत नाही आणि कुणीच हत्यार खाली ठेवायला तयार नाही. नाटककार मोठ्या अभिमानाने सांगतो, की मी या सगळ्यांना डेडलॉकमध्ये आणलंय, कारण आधी सोडायला जो तो घाबरतोय. मी कोश मिटला आणि थोडा वेळ भिंतीकडे बघत बसलो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाला आमच्या घरातली भानगड कळली कशी? पुढच्याच वर्षी, १७८० साली, हा शेरिडन ब्रिटिश संसदेत निवडून गेला. विषयाचं उच्च शिक्षण घ्यायला दुसरी जागा नव्हतीच.

मग ‘स्टेलमेट’कडे वळलो. शाळेत असताना मी याचा अर्थ ‘शिळी मात’ असा करत असे. त्यातला मात खरोखरच आपल्या ओळखीचा निघाला. फार्सीतला ‘शाह मात’ इंग्रजीत जाऊन ‘चेकमेट’ झाला आणि मराठीत येऊन शह, काटशह आणि मात झाला. ‘स्टेल’चा मात्र शिळ्याशी संबंध नाही, तो जुन्या फ्रेंचमधला ‘जागच्या जागी उभं राहणं’ या अर्थाचा आहे. राजाला शह नाही, पण हलायला घरही नाही. गंमत अशी, की इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत असा कोंडला गेलेला खेळाडू चक्क जिंकला असं धरत. कोंडणाऱ्याचीच हार! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे बरोबरीचा नियम आला. लहानपणी दादा मला नुसत्या राजावर आणून पटभर पळवायचा आणि शेवटी घाईघाईत कोंडून टाकायचा. तेव्हा हे ठाऊक असतं, तर माझ्या नावावर आज कितीतरी डाव जमा असते.

‘इम्पास’ हा शब्द चालू करण्याचं श्रेय व्हॉल्टेअरला देतात. बंद गल्लीला फ्रेंचमध्ये जो शब्द होता, त्याचा अर्थ ‘पिशवीचं बूड’. त्यातलं बूड हे माणसाचंही असल्यामुळे व्हॉल्टेअरला त्याची किळस आली आणि त्याने ‘जिथून पुढे जाता येत नाही ते’ असा सोवळा शब्द पुढे केला. गल्ली बंद ती बंदच राहिली, फक्त पाटी बदलली. सरकारी कामाचा अनुभव असणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

‘लॉगजॅम’ उत्तर अमेरिकेच्या नद्यांतला. तोडलेले ओंडके पाण्यातून सोडत, एखादा आडवा पडला की मागचे सगळे त्याच्यावर चढत. मग एक कसबी माणूस नेमका तो ओंडका शोधून मोकळा करी आणि लगेच जीव घेऊन पळत सुटे. भावाभावांत मध्यस्थी केलेल्यांना ही धाव ओळखीची वाटेल. आणि ‘ग्रिडलॉक’ न्यूयॉर्कचा. १९८० साली तिथे बस आणि भुयारी रेल्वेच्या कामगारांचा ११ दिवस संप झाला, सगळं शहर मोटारी घेऊन रस्त्यावर आलं, आणि वाहतूक खात्यातला हा शब्द सॅम श्वार्ट्झ या इंजिनिअरमुळे सर्वतोमुखी झाला. पुढे जागा नसतानाही जो तो चौकात घुसतो, पुढच्याच्या नावाने हॉर्न वाजवतो, आणि स्वतः दुसऱ्याची वाट अडवून बसलेला असतो. मराठीची तऱ्हा याहून सोयीची. आपल्याकडे घोडं अडतं किंवा गाडं रुततं. माणूस कधीच अडत नाही!

शेवटी आमच्या बँकेतला कॉम्प्युटरही यात आलाच. एका व्यवहाराने पहिलं खातं धरून ठेवलंय आणि त्याला दुसरं हवंय, दुसऱ्या व्यवहाराचं नेमकं उलट. या प्रकाराला डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ‘जीवघेणी मिठी’ म्हटलं होतं. यंत्राचा यावरचा उपाय सरळ आहे. दोघांतल्या एकाला ते ‘बळी’ ठरवतं, हातातलं सोडायला लावतं, आणि दुसऱ्याचं काम झालं की पहिल्याला पुन्हा सुरुवात करता येते. बळीचं एका पैचंही नुकसान होत नाही. हे वाचल्यावर मी तीनदा दादाचा नंबर लावला आणि तिन्ही वेळा रिंग जायच्या आत बंद केला. यंत्राला मेहुणा नसतो.

शेरिडनच्या नाटकात शेवटी एक पहारेकरी येतो आणि राणीच्या नावाने हुकूम सोडतो, ‘हत्यारं खाली!’ सगळे मुकाट्याने खाली टाकतात. आमच्याकडे राणीचा स्वतःचाच फोन आला.

‘अरे, पुतणीच्या मुलीचं बारसं आहे,’ आई म्हणाली. ‘लॉकरातली माझी पुतळ्यांची माळ हवी. आणि मी ब्याऐंशी वर्षांची आहे. तुमचं ठरेपर्यंत थांबीन अशा भरवशावर राहू नका.’

शनिवारी दादा आला. केस बरेच पिकलेले दिसले. रजिस्टरवर दोघांनी सह्या केल्या आणि तळघरात त्या लॉकरसमोर उभे राहिलो. त्याची किल्ली त्याच्या हातात, बँकेची माझ्या हातात. तो माझ्याकडे बघत होता, मी कुलपाकडे.

नियमाप्रमाणे बँकेची किल्ली आधी फिरवायची असते. मी फिरवली.

जिना चढताना दादा म्हणाला, ‘बारशाला जेवून जा.’