चंद्रावरचे पहिले पाऊल आणि पडद्याचे चित्रण

१/ भारतीय वेळेनुसार २१ जुलै १९६९, सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे. नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रभूमीवर टेकले. जगभरात अंदाजे ६० कोटी लोकांनी तो क्षण दूरचित्रवाणीवर पाहिला. चित्र मात्र धूसर होते, जणू सावल्या हलत होत्या. दोष केवळ चंद्रावरच्या कॅमेऱ्याचा नव्हता. लोकांनी पाहिले ते एका पडद्याचे दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र होते.

२/ ही युक्ती त्याहून जुनी. अँपेक्स कंपनीने चुंबकीय फितीवर चित्र नोंदवणारे यंत्र १९५६ मध्ये आणले. त्यापूर्वी थेट कार्यक्रम जपायचा, तर दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावावा लागे. या पद्धतीला ‘कायनेस्कोप’ म्हणत. आजच्या स्क्रीन रेकॉर्डिंगचा हा पूर्वज.

३/ अडचण होती तालाची. अमेरिकेत दूरचित्रवाणी सेकंदाला ३० चित्रे दाखवी, तर फिल्मचा कॅमेरा २४ टिपे. ३० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. कॅमेऱ्याच्या झडपेची उघडझाप पडद्याशी जुळली नाही, तर चित्रात आडवा पट्टा उमटे. हा मेळ घालणारा खास कॅमेरा कोडॅकने १९४७ मध्ये तयार केला.

४/ आता पुन्हा चंद्राकडे. यानातून येणाऱ्या एकाच संदेशलहरीवर आवाज, यंत्रांची मोजमापे आणि चित्र हे सारे बसवायचे होते. म्हणून चित्राच्या वाट्याला थोडी जागा आली : ३२० रेषा आणि सेकंदाला अवघी १० चित्रे. घरोघरचे अमेरिकन संच मात्र ५२५ रेषा आणि ३० चित्रांचे.

५/ उपाय जुनाच होता. पृथ्वीवरच्या केंद्रांत आलेले चित्र एका उत्तम पडद्यावर दाखवले जाई आणि त्यासमोरचा दूरचित्रवाणी कॅमेरा ते टिपे. सेकंदाला ६० अर्धचित्रे हवी होती. म्हणून प्रत्येक चित्र चुंबकीय तबकडीवर साठवून सहा वेळा वापरले जाई. दहा सक साठ! ताल अचूक जुळला. पण उजेड, छटा आणि बारकावे या फेऱ्यात हरवले.

६/ जुळवणीचे महत्त्व त्याच दिवशी दिसले. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन केंद्राचे चित्र प्रथम उलटे आले आणि त्यातला काळा-पांढरा भेदही फार तीव्र होता. ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीक केंद्राचे चित्र अधिक स्पष्ट होते. पहिले पाऊल जगाने पाहिले ते तेथूनच. काही मिनिटांनी पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचे चित्र घेण्यात आले.

७/ मूळ, अरूपांतरित चित्र मोजमापांच्या फितींवर नोंदले गेले होते. नासाने अनेक वर्षे शोध घेतला. २००९ मध्ये निष्कर्ष निघाला : फितींच्या टंचाईच्या काळात त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मग प्रक्षेपणाच्या उरलेल्या प्रतींवरूनच चित्राचे पुनरुज्जीवन करावे लागले. मानवजातीच्या एका महान क्षणाची आपल्या हाती उरली ती नक्कल.

८/ आपणही आज इतिहास पडद्यावरून टिपतो : ऑनलाइन व्याख्यान, मोडी वाचनाचा वर्ग, आजोबांची व्हिडिओ कॉलवरची मुलाखत. तेव्हा जुने धडे स्मरावेत. ताल जुळवा : पडदा ६० हर्ट्‌झचा असेल, तर ६० किंवा ३० फ्रेम निवडा; २४ वा ५० नकोत. पडद्याचे रेझोल्यूशन मूळ आहे तेच ठेवा. अक्षरे पुसट दिसली, तर बिटरेट वाढवा. संगणक अडखळत असेल, तर एन्कोडिंगचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवा.

९/ ओबीएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही स्वरूप निवडा. मध्येच वीज गेली, तरी तोवरचे चित्रण बहुधा वाचते. साध्या एमपी४ मध्ये अख्खी फाइल निकामी होऊ शकते. आधी एक मिनिटाची चाचणी घ्या.

१०/ आणि शेवटचा धडा सर्वांत महाग. लहान करून पाठवायची ती प्रत; मूळ फाइल पुसू नका. जागा कमी पडते म्हणून पुसलेली फीत चंद्रावर पुन्हा जाऊनही परत मिळत नाही.