सोलापूरचा लष्करी कायदा आणि संदेशांची गुप्तता

गांधीजींच्या अटकेनंतर इ. स. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात जो प्रक्षोभ उसळला, त्याचा वृत्तांत सामान्यतः ८ मेचा गोळीबार, १२ मे रोजी जारी झालेला लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन यांना दिलेली फाशी या क्रमाने सांगितला जातो. ३० जूनपर्यंत चाललेली ती लष्करी राजवट कठोर होती, तशीच ती उघडही होती. तिला जाहीर आरंभ होता व जाहीर शेवट होता. तिच्यातून उद्भवलेली प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली.

त्याच काळी शासनाच्या हाती असलेल्या दुसऱ्या एका अधिकाराला मात्र अशा घोषणेची गरज नव्हती. १८८५ च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमान्वये सार्वजनिक आणीबाणीत अथवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी कोणताही संदेश अडवता येई, किंवा त्यातील मजकूर सरकारला कळवण्याचा हुकूम देता येई. १८९८ च्या टपाल कायद्याच्या २६ व्या कलमाने पत्रांबाबत तसाच अधिकार दिला होता. आणीबाणी खरोखर होती काय, अशी शंका निघाल्यास सरकारच्या सचिवाचे प्रमाणपत्र हाच निर्णायक पुरावा मानला जाई. शिवाय तारेचा मजकूर तारमास्तराच्या डोळ्यांखालूनच जात असल्यामुळे, सांकेतिक भाषा योजल्यावाचून तो झाकण्याचा उपाय पाठवणाऱ्यापाशी नव्हता. लष्करी कायदा पन्नास दिवसांत संपला. हा अधिकार कायम राहिला.

स्वातंत्र्यानंतरही तार कायदा चालू राहिला आणि दूरध्वनीलाही तोच लागू होता. १९७२ च्या दुरुस्तीने कारणे लेखी नोंदवणे आवश्यक ठरवले. तथापि या अधिकाराला कालमर्यादा पडली ती १८ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने: आदेश गृहसचिवाचा असावा, तो दोन महिन्यांत संपावा, वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासावा. २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. या दोन्ही निर्णयांच्या आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले व त्यांतून मिळालेल्या नोंदी नष्ट करण्यास सांगितले. सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षितता हे शब्द शासनाच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

संगणक व भ्रमणध्वनी यांच्या युगात सांकेतिक भाषेचा उपाय पुन्हा पुढे आला आहे. संदेश पाठवणाऱ्याच्या यंत्रावरच कूटबद्ध होतो व घेणाऱ्याच्या यंत्रावर उलगडतो. मधल्या कंपनीला मजकूर वाचता येत नाही. अर्थात, कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला, हे त्याने झाकले जातेच असे नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाने कूट उलगडण्यास साहाय्य करण्याचे बंधन घालता येते, आणि त्यात तार कायद्यातील आणीबाणीची पूर्वअट नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ती अट आहे. परंतु ज्याचे संभाषण ऐकले गेले, त्याला नंतरदेखील कळवण्याचे बंधन यांपैकी कोणत्याही कायद्यात नाही.

१९३० मध्ये सोलापूरकरांना आपल्यावर कोणता कायदा लादला आहे, हे तरी ठाऊक होते. न कळणाऱ्या अधिकाराविरुद्ध दाद मागता येत नाही. म्हणून मुदत, लेखी कारण आणि स्वतंत्र तपासणी यांच्याइतकेच महत्त्व संबंधित व्यक्तीला होणाऱ्या माहितीलाही आहे.