हात बसेपर्यंत

१९०४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्प्टन यंगने कॅन्सर झालेली प्रोस्टेट ग्रंथी अख्खी काढली. मदतीला कोण, तर खुद्द हॅल्स्टेड! पुढे कित्येक दशकं लोकांना या ऑपरेशनची धास्तीच होती: रक्तस्राव, लघवीवरचा ताबा जाणं, नपुंसकत्व. १९८२ मध्ये त्याच हॉस्पिटलात पॅट्रिक वॉल्शने नसा वाचवून ऑपरेशन करून दाखवलं.

पण सर्जनचा हात बसेपर्यंत पेशंटचं काय? २००७ मध्ये अँड्र्यू व्हिकर्स आणि मंडळींनी चक्क मोजलं. अमेरिकेतली ४ केंद्रं, ७२ सर्जन, ७,७६५ पेशंट. सर्जनची आधी १० ऑपरेशनं झाली असतील, तर ५ वर्षांत कॅन्सर परतण्याची (म्हणजे पीएसए पुन्हा वाढण्याची) शक्यता १७.९%, २५० झाली असतील तर १०.७%. पुढे आलेख जवळपास सपाट.

आमच्याकडे नवख्याला टेस्ट सर्व्हरवर सोडतात. इथे पहिले १० पेशंटही खरेच असतात हो!

गंमत पुढेच आहे. २००९ मध्ये याच मंडळींनी दुर्बिणीच्या ऑपरेशनांचा हिशोब मांडला. तिथे सुधारणा फार सावकाश दिसली, आणि आधी पोट उघडून ऑपरेशन करणाऱ्या सर्जनांचे निकाल थेट दुर्बिणीपासून सुरुवात केलेल्यांपेक्षा वाईट निघाले.